विसण

"काका, आंघोळीचं पाणी किती डिग्रीवर लागतं तुम्हाला?" दीपकने विचारलं, आणि लवू शिवलकरला काही सांगता येईना.

प्रश्न साधाच होता. रामआळीतल्या आपल्या दुकानात दीपक तो रोज कुणाकुणाला विचारत असेल. त्याच्या समोर पांढरा, गुळगुळीत, पोट सुटलेल्या माणसासारखा नवा गिझर होता आणि त्याच्या पोटावर काळ्या काचेची पट्टी. पट्टीवर आकडे उजळत होते. दीपक बोट लावायचा, आकडा चढायचा. पुन्हा बोट लावायचा, आकडा उतरायचा. लवू त्या आकड्यांकडे बघत राहिला. आकड्यांची त्याला सवय नव्हती असं नाही. उभा जन्म त्याने बोटीच्या इंजिनरूममध्ये काढला होता, ऑइलमन म्हणून. तेल किती तापलं, थंड करायचं पाणी किती तापलं, बॉयलरात दाब किती चढला, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. लोखंडाला काय सोसतं ते त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या अंगाला काय सोसतं, ते मात्र आठवेना. आठवायला आधी ते ठाऊक असायला हवं होतं. "गरम," तो म्हणाला. "गरम म्हणजे किती?" "आंघोळीइतका." दीपक हसला. "काय काका! बोटीवर एवढाला बॉयलर चालवलात आणि हा डबा बघून घाम फुटला काय?" लवूही हसला. हसायची वेळ होती म्हणून हसला. पण आत कुठेतरी पायरी चुकल्यासारखं झालं होतं, आणि दुकानातल्या खुर्चीवर बसल्यावरही पाय खाली टेकल्यासारखे वाटेनात.

खरं तर निवड त्याची नव्हतीच. लेकीने सगळं ठरवलं होतं. अक्षया तिकडे इंग्लंडात, लीड्सला. तिच्या नवऱ्याची, ऋत्विकची नोकरी तिथे, आणि आता तिचीही. आठवड्यापूर्वी न्हाणीघरात लवूला घेरी आली होती. समोरच्या नम्रताने दार बडवलं नसतं तर काय झालं असतं, हे नम्रताने स्वतःच फोन करून अक्षयाला सांगितलं होतं, जरा मीठमसाला लावून. "मी आपली हाक मारत्ये, काका, आत गाणी म्हणताय की झोपलात? तर आतनं आवाजच नाय!" जुना गिझर गॅसवरचा. बंद न्हाणीघरात त्याची ज्योत आतली हवा खाऊन टाकते, हे लवूला कुणी शिकवायला नको होतं. इंजिनरूममध्ये वारा खेळता ठेवणं हे तर पहिलं काम. पण न्हाणीघराला एक खिडकी आहे, तिच्या काचेच्या पट्ट्या असतात, आणि रोज गिझर लावायच्या आधी त्या कुणीतरी उघडत होतं, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बायको, गंगा, होती तोवर वारा येत होता. वारा काय, आपोआप येतो, असं त्याला वाटत होतं. यंदा पौषातला गार वारा पाठीला झोंबायला लागला, तशा त्याने पट्ट्या बंद करून टाकल्या. गंगा जाऊन आता वर्ष होईल. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध.

दीपकने लवूच्या फोनवरूनच अक्षयाला व्हिडिओ कॉल लावून दिला. इथे दुपार होत आलेली, तिथे ती नुकतीच उठलेली. केस विस्कटलेले, अंगात जाड स्वेटर. "बाबा, गॅसचा अजिबात नको. टाकीवाला विजेचा घ्या. त्याला फोनवरून चालू-बंद करायची सोय हवी. दीपकदादा, आहे ना?" दीपक म्हणाला, "आहे ना ताई. तिकडनं बटण दाबा, इकडे पाणी गरम." "टाकी गंजणार नाही ना? आमच्याकडे खारं वारं आहे." "आतनं काचेचा लेप आहे ताई, गंजायचं नाव नाही." मग ती टायमरचं विचारत राहिली, किती तापलं की आपोआप बंद होतो ते विचारत राहिली. लवूला मध्येच वाटलं, आपण आता घरी जावं. ही दोघं घेतील काय तो गिझर. आंघोळ तेवढी आपण करायची. "बाबा, ऐकताय ना? माझ्या फोनमध्ये तुमचा गिझर येईल. तुम्हाला हातसुद्धा लावायला नको." "बरा गो," तो म्हणाला. "आमचा पण बॉयलर बदलला ना गेल्या महिन्यात," ती म्हणाली आणि फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली. भिंतीवर पांढरी पेटी होती, शिंकाळ्यासारखी उंच टांगलेली. तीच एक पेटी घर पण तापवते आणि नळाचं पाणी पण. कुठली खोली किती तापवायची, कधी तापवायची, सगळं फोनवर. लवूने ती पेटी बघितली. लेकीच्या घरात ऊब कुठून येते ते त्याने आज पहिल्यांदा बघितलं. अशा एका पेटीपाशी ती एकटी उभी होती आणि तिच्यामागे खिडकीत अजून काळोख होता.

रिक्षाने परत येताना नाचणे रस्त्याच्या चढावर रिक्षा हळू झाली, तेव्हा धूर आला. कुणाच्या तरी परसात नारळाच्या वाळक्या साली, सोडणं, जळत होती. नारळाच्या सोडणांचा धूर वेगळाच. नाकात शिरला की थेट गावाला, नाट्याला घेऊन जातो. नाट्याच्या घराला मागच्या बाजूला न्हाणी होती, चार झावळ्यांचा आडोसा, खाली जांभ्याची फरशी. चुलीवर हंडा. तो बोटीवरून यायचा तेव्हा मुंबईहून रात्रभर यष्टीत बसून सकाळी उतरायचा. वाटेवरूनच धूर दिसायचा. गंगा पहाटेपासून हंडा ठेवून असायची. नऊ-नऊ, दहा-दहा महिने तोंड न बघितलेली दोन माणसं. पहिले दोन-चार दिवस एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. त्याला गावातल्या कुणाचं काय झालं ते ठाऊक नसायचं, तिला समुद्रापलीकडचं काही ठाऊक नसायचं. ती दारातच सांगायची, "आधी न्हाऊन येवा, मग काय ता बोला." हंड्यातलं कढत पाणी ती घंगाळात ओतायची आणि मग गार पाण्याचा तांब्या घेऊन विसण घालायची. एकदा लग्न नवं असताना तो म्हणाला होता, दे, मी घालतो. त्याने पाण्यात हात घातला आणि म्हणाला, झालं, बरं आहे. तिने बोट लावून झटकन काढलं. "बरा हाय? कातडी निघंल! तुमचा हात मेला इंजिनात भाजलेला, त्याला काय कळतंय? हात लावू नका. मी घालतंय विसण." त्यानंतर त्याने कधी हात लावला नाही. तिचंच खरं होतं. गरम पाइप, गरम झडपा, तेलात बुडालेले पाने. त्याच्या तळव्यांना कधीचे घट्टे पडले होते. ती विसण घालायची, हात फिरवायची, पुन्हा थोडं घालायची. "झाला. जावा आता, निवेल." आणि पहिला तांब्या अंगावर घेतला की आडोशापलीकडून विचारायची, "कसा हाय?" तो म्हणायचा, "बराय." एवढंच. तेवढ्यावर त्यांची गाडी सुरू व्हायची. नंतर जेवताना बोलणं आपोआप निघायचं. आता विचार करताना त्याला वाटलं, साऱ्या संसारात तो तिच्याशी सगळ्यात खरं बोलला असेल ते तेवढंच एक. बराय.

पुढे अक्षयाच्या कॉलेजसाठी रत्नागिरीला हा फ्लॅट घेतला. गिझर आला. नळ सोडला की गरम पाणी. तरी गंगा बादली भरायची, गार नळ सोडायची, हात फिरवायची. तो बाहेर सोफ्यावर पेपर धरून असायचा, आणि आतून आवाज यायचा, "झाला. जावा." बोटीवरची नोकरी संपून वर्षं लोटली तरी तो त्या हाकेने उठायचा, पाहुण्यासारखा. एकदा नम्रता म्हणाली होती, "काकी, काकांना काय लहान बाळासारखी आंघोळ घालताय!" गंगा म्हणाली होती, "बाळ बरा. बाळ रडून तरी सांगता."

गेल्या वर्षभरात तो कसल्या पाण्याने आंघोळ करत होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही होतं का, हेही त्याला कळत नव्हतं. बादली भरायची, हात घालायचा, हाताला ते बरं वाटायचं, आणि पाठीवर ओतलं की चटका. दुसऱ्या दिवशी जास्त गार घालायचं, मग अंगावर काटा. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी ते पाणी होतं. ते तिथेच असणार, या घरात, याच बादलीत, दोन नळांच्या मध्ये. रोज तो त्याच्या अल्याडपल्याड जात होता. कधीकधी तो न्हाणीघरात तसाच बसून राहायचा, चटक्याने लाल झालेल्या पायाकडे बघत. वेदना फार नव्हती. पण कुणी "कसा हाय" विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याचा तो विचार करायचा.

संध्याकाळी दिवेलागणीला अक्षयाने पुन्हा फोन केला. तिच्याकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. "उद्या माणूस येतोय ना बसवायला? नितेश नाव आहे त्याचं. वायफायचा पासवर्ड त्याला नम्रताताई देतील." "येतंय." फोन चालू ठेवून बसायची दोघांनाही सवय होती; तिकडे ती काही खात असायची, इकडे तो खिडकीतून बघत असायचा. समोरच्या माडावर कावळे बसत होते. "अक्षू," तो म्हणाला, "तो दीपक विचारीत होता, पाणी किती डिग्री लागता." "हो, ते लागेल ना सांगायला. मी टाकेन फोनमध्ये. किती टाकू?" हे विचारणं वेडेपणाचं आहे, असं त्याला वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाने लेकीला विचारायची ही गोष्ट नव्हे. "तुझ्या आयशीचा पाणी किती डिग्री असंल गो?"

तिकडे एक दार लागल्याचा आवाज झाला. ती कुठेतरी बाजूला गेली असावी. "बाबा," ती म्हणाली, "नवीन बॉयलर लागल्यापासून मी तेच करतेय. रोज एक आकडा बदलून बघते. ऋत्विक म्हणतो, काय खेळतेस त्या बटणाशी. त्याला काय सांगू? वर केला की भाजतं. खाली केला की मिळमिळीत लागतं. मी शाळेत जाताना आई घालायची ना आंघोळ, ते कसं होतं... मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल. मी विचारणारच होते तुम्हाला." लवूने हात खिडकीच्या गजावर ठेवला. गज गार होता की कसा, हाताला समजलं नाही. "माका नाय म्हायत," तो म्हणाला. "मी खय कधी हात लावला."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही असं काही झालं नाही. तो नेहमीसारखा जेवला, भांडी घासली, मच्छरदाणी लावली. पण पाठ टेकल्यावर पाणी आठवत राहिलं. एकदा बोटीची कंपनी बुडाली, तो अर्ध्यातूनच परत आला, कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या दिवशी तिने पाणी चांगलं कढत दिलं होतं, शेक दिल्यासारखं, आणि कसा हाय असं विचारलं नव्हतं. एकदा त्याची आई गेली आणि तो चार दिवस उशिरा पोचला. त्या दिवशी पाणी जवळजवळ गारच होतं, आणि त्याला ते बरं वाटलं होतं. अक्षयाला ताप येऊन गेल्यावर वेगळं. पावसात भिजून आल्यावर वेगळं. उन्हातून आलेल्या माणसाला वेगळं. तो उठून बसला. म्हणजे तिचा असा आकडा नव्हताच. ती आधी तोंडाकडे बघायची आणि मग तांब्या उचलायची. वर्षभर तो बादलीत जे शोधत होता, ते बादलीत नव्हतं. याने त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. हरवलेली वस्तू कधीतरी मिळते. बघणारं माणूस गेलं, तर ते कुठल्या दुकानात विचारायचं?

नितेश दुसऱ्या दिवशी आला. भिंतीत भोकं पाडली, जुना गिझर उतरवला. तो उतरला तशी भिंतीवर त्याच्या आकाराची एक फिकट जागा उघडी पडली, आणि तिच्या कडेला काजळीची रेघ. "काका, ह्याच्यावर दिवस काढलात, नशीबवान आहात," नितेश म्हणाला. मग काचेच्या पट्ट्यांकडे बघून म्हणाला, "ही खिडकी तरी उघडी ठेवत होतात ना?" लवू म्हणाला, "आमची मंडळी ठेवायची." नितेशने मान डोलावली आणि ड्रिल सुरू केलं. त्याने अक्षयाशी बोलून आकडा लावला, मधलाच, कुणालाही चालेल असा. "हा आता तुमच्या हातात नाही काका, ताईंच्या हातात," तो हसत म्हणाला. जाताना जुना गिझर त्याने भंगाराला म्हणून खांद्यावर टाकला. जिना उतरताना तो दोनदा कठड्याला आपटल्याचा आवाज आला. लवू दारातच उभा राहिला. नम्रताने समोरून विचारलं, "काय काका, मजा आहे, आता साहेबी आंघोळ!" "व्हय तर," तो म्हणाला.

सकाळी तो उठला तेव्हा उजाडायचं होतं. न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून निळसर उजेड येत होता. त्याने काही लावलं नव्हतं. दार ढकललं तर काळ्या पट्टीवर आकडे चढत होते, एक-एक करून, स्वतःशीच. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असणार. तिने टायमर लावला असेल, यंत्राने यंत्राला सांगितलं असेल. तरी तो स्टुलावर बसून ते चढणारे आकडे बघत राहिला, जसा एके काळी वाटेवरून धूर बघायचा. मग उठून त्याने आधी खिडकीच्या पट्ट्या उघडल्या. आता विजेचं यंत्र होतं, हवेची गरज नव्हती, तरी उघडल्या. गार वारा आत आला. बादली लावली, गरम नळ सोडला. बादली भरली तेव्हा सवयीने हात आत घातला, आणि हाताने नेहमीप्रमाणे सांगितलं, बरं आहे. त्याने हात काढून घेतला. मेला इंजिनात भाजलेला. हात पुसता पुसता त्याला अक्षया तान्ही असतानाची एक सकाळ दिसली. त्या खेपेला तो घरी होता. गंगा घंगाळाशी उकिडवी बसली होती, हातांना तेल म्हणून तिने मनगट आत घातलं नव्हतं. कोपर बुडवलं होतं. वाकून, एका बाजूला कलून, बदकाच्या पंखासारखं कोपर. त्याला हसू आलं होतं. "हसू नका," ती म्हणाली होती, "कोपर खोटा बोलत नाय."

बादली खाली होती आणि पाठ वाकत नव्हती. त्याने भिंतीला एक हात लावला, गुडघा फरशीवर टेकला, आणि सदऱ्याची बाही वर करून कोपर पाण्यात बुडवलं. चटका बसला. खरा चटका. वर्षभरात तळव्याने जे सांगितलं नव्हतं ते कोपराने एका क्षणात सांगितलं. त्याने गार पाण्याचा तांब्या ओतला, हात फिरवला, पुन्हा कोपर. अजून. पुन्हा अर्धा तांब्या. आता जरा बरं. त्याने समोर बघितलं. नळाच्या वर छोटा आरसा होता, दाढीसाठी टांगलेला. त्यात एक म्हातारा माणूस गुडघ्यावर बसलेला, बाही भिजलेली, रात्रभर नीट झोपला नसावा असं तोंड. याला गरमच हवं, लवूच्या मनात आलं. आणि त्याने पुढचा तांब्या भरलेला तसाच बाजूला ठेवला.

फोन सोफ्यावर वाजत होता. गुडघ्यावरून उठेपर्यंत तो थांबला, पुन्हा वाजला. "बाबा, झोपलात का? पाणी तापलं?" "तू जागी कशी? तुझी रात्र ना?" "टायमर लावला होता, पण विश्वास नव्हता. म्हणून थांबले. जास्त तापलं नाही ना?" "तापला होता. विसण घातली." तिने हळूच विचारलं, "कुणी?" त्याने स्वतःच्या ओल्या कोपराकडे बघितलं. त्यावरून थेंब गळून सोफ्यावर पडत होता. "मीच गो. कोपर घालून बघितला." "आईसारखं झालं?" "नाय," तो म्हणाला. "तसा नाय झाला. पण अंगावर घेण्यासारखा हाय." मग तो तिला सांगणार होता की आकडा शोधू नको, आकडा नव्हताच, सकाळी आरशात आधी तोंड बघ आणि मग बटणाला हात लाव. पण फोनवर एवढं कसं सांगायचं, ते त्याला सुचेना. "तू पण कोपर घालून बघ," तो एवढंच म्हणाला. ती हसली, किंवा तसं काहीतरी झालं. आवाज नाकातून आला. दूर कुठेतरी तिच्या घराची ती पेटी घुरघुरत होती, ते त्याला ऐकू आलं. अक्षया म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज तिचा राहिला नाही, "मग बोलत काय बसलाव? जावा आता. निवेल."

तो उभा राहिला. फोन सोफ्यावर तसाच ठेवला, बंद केला की नाही ते त्याला आठवलं नाही. टॉवेल दोरीवरून ओढला, चप्पल उलटी झाली ती सुलटी केली नाही, आणि तो चालायला लागला, जवळजवळ धावतच, गुडघा दुखत असताना. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याला घाई केली होती.